सिस्टरच्या मनगटावरचं दुसरं गाव

गजभिये सिस्टरना वेळ विचारली की त्या लगेच सांगत नसत. मनगट डोळ्यांजवळ नेत, घड्याळाच्या कडेचं बटण दाबत, बघत, पुन्हा दाबत, पुन्हा बघत आणि मग म्हणत, "आपल्या इथले साडेदहा." 'आपल्या इथले' हे शब्द त्यांनी कधी गाळले नाहीत. विचारणारा वैतागायचा.

"अवो सिस्टर, मी का अमेरिकेतले विचारले का?"

"विचारले नाई. पण चुकून सांगतले तं?"

आम्हाला वाटे, बाईचा स्वभावच चिकित्सक. नर्सबाई आहेत, सुई टोचायच्या आधी बाटलीवरचं नाव दोनदा वाचतात, तसंच हे. त्या दोनदा दाबण्यामागे एक पोरगी उभी आहे हे मला फार उशिरा कळलं.

गोंदिया जिल्ह्यात सालेकशाच्या पुढे, जंगलाच्या कडेला आमचं गाव. सिस्टर तिथल्या उपकेंद्रात होत्या. बौद्ध मोहल्ल्यात आमच्या घराला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर. लग्न केलं नाही. आईवडील लवकर गेले, मागे एक लहान भाऊ, अनिल. त्याला त्यांनी वाढवलं, शिकवलं, इंजिनिअर केलं आणि तो अमेरिकेला गेला. इतकं सांगितलं की लोकांना सिस्टरची सगळी गोष्ट सांगून झाली असं वाटतं. मला या 'इतकं'चा राग येतो.

माझे वडील चळवळीत होते, पत्रकं काढायचे. दारूबंदी, तेंदूपानाची मजुरी, अंगात येणं, हुंडा, काय वाटेल ते. गोंदियाहून छापून आणायचे आणि आम्ही बहिणी त्यांच्या घड्या घालायचो. मी घड्या घालता घालता वाचायला शिकले. त्यामुळे अजूनही माझ्या मनात माणूस येतो तो आधी मथळा होऊन येतो. सिस्टर मात्र कुठल्याच मथळ्यात बसल्या नाहीत. अनिल जायला निघाला तेव्हा विहारासमोर त्याचा सत्कार झाला. वडिलांच्या पत्रकात वर मोठ्या अक्षरात 'समाजाचा हिरा सातासमुद्रापार'. खाली हार घालणाऱ्यांची नावं, मंडप देणाऱ्याचं नाव, माइकवाल्याचंसुद्धा. सिस्टरचं नाव नव्हतं. त्या दिवशी त्या मंडपात मागे उभ्या राहून पाण्याचे पेले भरत होत्या. मोठी झाल्यावर मी वडिलांना याबद्दल विचारलं. म्हणाले, "जागा नव्हती गं." पत्रकात जागा असतेच. ती कोणाला द्यायची एवढाच प्रश्न असतो, आणि आमच्या चळवळीनेही तो प्रश्न बहुतेक वेळा पुरुषांच्या बाजूने सोडवला आहे.

घड्याळ अनिलचं होतं. बारावी पास झाल्यावर सिस्टरनीच त्याला गोंदियाच्या बाजारातून घेऊन दिलेलं. तेव्हाच ते जुनं होतं, आखाताहून आलेल्या कोणीतरी विकलेलं. काळं, चौकोनी, पुरुषी. काचेत वर जगाचा इवलासा नकाशा, खाली आकडे. बटण दाबलं की नकाशावर एक काळी पट्टी सरकायची, गावाची तीन इंग्रजी अक्षरं उमटायची आणि त्या गावची वेळ दिसायची. जाताना गोंदियाच्या फलाटावर अनिलने ते काढून बहिणीच्या हातात बांधलं. सिस्टर हे सांगताना त्याचा आवाज काढत. "'ताई, हे पाय, हे न्यूयॉर्क. मी इथं राहीन. तुले वाटलं का अनिल काय करून राहिला असंल, तं हे बटन दाबजो.' मंग गाडी आली."

त्यांच्या हडकुळ्या मनगटावर ते घड्याळ सैल व्हायचं. पट्ट्याचं टोक अडकवायची कडी तुटली तेव्हा त्यांनी सलाईनच्या नळीची एक चकती कापून बसवली. ती कित्येक वर्षं टिकली. त्या डाव्या हाताने बाळंतिणीची नाडी धरायच्या, तीन बोटं टेकवून, आणि डोळे त्या आकड्यांवर. बायकांना वाटायचं, सिस्टर आपलं आयुष्य मोजतात.

घड्याळाची निगा म्हणजे एक व्रतच होतं, आणि व्रतवैकल्यं न मानणाऱ्या घरात ते चालायचं. जुन्या टूथब्रशने बटणांच्या फटीतला मळ काढायचा. ओल्या हाताने बटण दाबायचं नाही, पाणी आत जातं. पावसाळ्यात काचेला आतून वाफ धरली की घड्याळ तांदळाच्या डब्यात पुरायचं. आमचा मुलूख धानाचा, तांदूळ घरोघरी. पण तांदळाच्या डब्यातून पीप पीप असा आवाज फक्त सिस्टरच्या घरी यायचा, कारण दर तासाला ते वाजायचं. ते डब्यात असलं की सिस्टर चुलीपासून फार लांब जात नसत.

आणि उन्हाळी तास. तिकडे उन्हाळ्यात सगळा देश घड्याळ एक तास पुढे करतो आणि हिवाळ्यात मागे घेतो, हे अनिलने फोनवर सांगितलं होतं. सुरुवातीला तो आठवणीने फोन करायचा, "ताई, आज तास पुढे कर." मग ते फोन थांबले. सिस्टरनी स्वतःचा हिशेब बसवला: होळी झाली की पुढे, दिवाळी झाली की मागे. दोन्हीकडच्या पंचांगांचं हे लग्न त्यांनी एकटीने लावलेलं. होळीच्या दुसऱ्या दिवशी गाव रंगात असायचं आणि सिस्टर ओट्यावर बसून बारीक बटण नखाने दाबून धरायच्या. कोणी रंग घेऊन आलं की म्हणायच्या, "थांब बाप्पा, अमेरिकेचा तास सरकवून राहिली मी."

मी कॉलेजला लोकलने गोंदियाला जाऊ लागले तेव्हा त्यांच्या जास्त जवळ आले. घड्याळाचा सेल उतरला होता, आकडे फिके झाले होते. मी म्हटलं, "द्या, मी बदलून आणते."

"नाई. मी येतो संगं."

"विश्वास नाई का माह्यावर?"

"तुह्यावर हे. त्याच्यावर नाई. सेल काढला का घडी सगळं विसरते. मंग त्याले कोन सांगन कोनतं गाव लावाचं तं?"

दुरुस्तीवाला बाजारात एका कपड्याच्या दुकानाच्या पायरीवर बसायचा. भिंग डोळ्याला लावून त्याने मागचे चार बारीक स्क्रू काढले, झाकणाखालची रबराची कडी बघितली, तिला बोटाने तुपासारखं काहीतरी लावलं. नवा सेल बसवला तरी घड्याळ कोरंच. सिस्टरचा हात माझ्या दंडावर आला, घट्ट. मग त्याने चिमट्याची दोन टोकं आतल्या दोन ठिपक्यांना टेकवली आणि आकडे जिवंत झाले. सगळे पहिल्या दिवसाचे, पहिल्या महिन्याचे.

"ये घड़ी अब कौन पहनता है सिस्टर," तो म्हणाला. "मोबाइल में सब टाइम आता है. इसको अलमारी में रखो."

"मोबाइल है मेरे पास."

"फिर?"

"मोबाइल को क्या पता, मेरा भाई कहाँ है."

तो हसला. त्या हसल्या नाहीत. परतीच्या लोकलमध्ये खिडकीशी बसून त्यांनी एकेक बटण दाबत सगळं परत लावलं, आधी आपली वेळ, मग त्याची. सालेकसा यायच्या आत काम झालं. मग म्हणाल्या, "आता उठला असंल. तो चाय नाई पीत तिथं, काफी पिते."

तो काय करत असेल हे त्यांना रोज माहीत असायचं. संध्याकाळी ओट्यावर तांदूळ निवडताना त्या सहज म्हणत, "निंघाला ऑफिसात." सकाळी आंघोळीनंतर, "जेवून राहिला असंल." फोन आधी दर रविवारी यायचा, मग महिन्याने, मग सणाला. आमच्यात सण म्हणजे जयंती. त्या दिवशी सिस्टर पांढरं लुगडं नेसून मिरवणुकीत सगळ्यात मागे चालायच्या, एक हात मोबाइलवर. त्यांनी मागची खोली बांधून काढली होती, फरशीची, आत इंग्रजी पद्धतीचा संडास. "बायको येईन ना त्याची, तिले आपला नाई जमाचा." तो संडास कोणी वापरला नाही. दर आठवड्याला त्या मात्र तो धुवायच्या.

एका जयंतीला फोन आला. मी तिथेच होते. सिस्टर नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "जेवला का गा? रात झाली असंल तिथं." तिकडून काहीतरी उत्तर आलं. त्या नुसतं "हो का, हो का" म्हणत राहिल्या. फोन ठेवल्यावर बराच वेळ तांदळातले खडे वेचत बसल्या.

"काय झालं?"

"काई नाई. त्यानं गाव बदलवलं. तिकडे दुसऱ्या टोकाले गेला, समुद्राच्या बाजूनं. दोन वर्स झाले म्हंते."

"आणि सांगितलं नाही?"

"काम असते त्याले." मग घड्याळ पुढ्यात घेऊन नकाशावरची ती काळी पट्टी त्यांनी डावीकडे सरकवत नेली. "तीन तास आनखी दूर गेला पोरगा. मी समजो तो जेवून राहिला, अन तो ऑफिसातच बसून राहे."

मी संतापले. मी म्हटलं, असल्या माणसांचे सत्कार बंद करायला पाहिजेत, मी लिहिते याच्यावर. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लिहजो. पण त्याचं नाव नोको टाकू. कोनी वाचून सांगतलं तं त्याले वाईट लागन."

आता त्या पोरीची गोष्ट.

आमच्या शेजारच्या गावात बिसेन पाटील, जातीने पोवार, मोठे धानवाले. नव्याण्णव सालच्या हिवाळ्यात त्यांची सून अडली आणि पाटलांनी सिस्टरना बैलगाडीने नेलं. पहाट व्हायची होती. पोरगी झाली, रोशनी. पाटील दाराआडून ओरडले, "सिस्टर, टाईम सांगा, टाईम." त्यांना पत्रिका करायची होती. घरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. सिस्टरनी रक्ताळलेल्या हाताने मनगट उचललं, कंदिलाशी नेलं आणि सांगितलं, "सहा."

परत येताना गाडीत त्यांच्या लक्षात आलं. बिसेनांकडे निघायच्या आधी त्यांनी अनिलची वेळ पाहिली होती आणि बटण परत दाबायचं राहून गेलं होतं. ते सहा न्यूयॉर्कच्या संध्याकाळचे होते. गावाची अक्षरं आणि आकड्याशेजारची संध्याकाळची बारीक खूण कंदिलाच्या उजेडात दिसली नाही. आपल्याकडे तेव्हा साडेचार वाजले होते. बाहेर अंधारच होता, म्हणून कोणालाही शंका आली नाही.

चूक सांगायला त्या मागे फिरल्या नाहीत. विसरभोळेपणामुळे नव्हे, तत्त्वामुळे. आमच्या घरांनी छप्पन सालीच पत्रिका, महाराज, मुहूर्त सगळं टाकून दिलं. सिस्टरनी विचार केला, पत्रिकाच खोटी, तर खोट्यातल्या दीड तासाने पोरीचं काय बिघडणार? मी त्यांच्या जागी असते तर मीही हाच विचार केला असता, आणि वर अभिमानाने केला असता. पण त्या दिवसापासून त्या वेळ सांगताना दोनदा बटण दाबू लागल्या.

अठरा वर्षांनी दीड तास परत आला. रोशनीचं बालाघाटकडच्या एका मुलाशी जमलं. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, बोलले होते, पोरगी खूश होती. पण मुलाकडच्या महाराजांनी पत्रिका पाहून मंगळ काढला आणि सोयरीक मोडायला आली. महाराज म्हणाले, जन्माची वेळ थोडी आधीची असेल तर गोष्ट वेगळी. वेळ पक्की आहे का? बिसेन पाटील म्हातारे झाले होते, पण ताठ. छातीवर हात मारून म्हणाले, "आमच्या सिस्टरचा टाईम हे. त्यायच्या घडीत साऱ्या दुनियेचा टाईम हे. चुकते का?" आणि साक्ष द्यायला त्यांनी सिस्टरना बोलावणं धाडलं.

सिस्टर तेव्हा निवृत्त झालेल्या. त्या माझ्या दारात आल्या. मला तोपर्यंत काही माहीत नव्हतं. त्या दुपारी आमच्या ओसरीत बसून त्यांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. ऐकून मी उठूनच उभी राहिले. डोक्यात मथळा छापूनही झाला: अमेरिकेच्या वेळेवर बनली पाटलाची पत्रिका. अठरा वर्षं घरात पूजा होणारा कागद, आणि तो दुसऱ्या देशातल्या संध्याकाळचा! असा पुरावा चळवळीला शंभर भाषणांनी मिळाला नसता. मी म्हटलं, "सिस्टर, तिथं जाऊन सांगा, पत्रिका म्हणजे थोतांड. वेळ सांगूच नका. सांगितली तर त्याच कागदाला तुम्ही मान दिला असं होईल."

"अन पोरीचं?"

"मोडू द्या. असल्या घरात जाऊन काय करेल ती?"

"तिले जाचं हे," सिस्टर म्हणाल्या. "तुले नाई जाचं."

मी चपला घातल्या. आम्ही दोघी चालत गेलो. सिस्टर वाटेत म्हणाल्या, "पोरीसाठी सांगाले भेव नाई लागत. पन ते विचारतीन, कायले पाहे मी तिथला टाईम. मंग मले सांगा लागन."

बिसेनांच्या अंगणात मंडळी बसली होती. मुलाचे काका, महाराज, पाटील. रोशनी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, डोळे सुजलेले. पाटलांनी सिस्टरना खुर्ची दिली, चहा मागवला. आमच्या मोहल्ल्यातल्या माणसाला त्या अंगणात खुर्ची सहज मिळत नाही. सिस्टरना त्या घड्याळामुळे मिळाली होती.

"सांगा सिस्टर, किती वाजले होते तवा?"

"साडेचार," सिस्टर म्हणाल्या. "मी सहा सांगतले. ते चुकीचे होते. घडीवर माह्या भावाच्या गावचा टाईम लागून होता. मी तसाच वाचला."

पाटलांच्या हातातली बशी तशीच राहिली. मग मुलाचे काका हसले. "म्हणजे पोरगी अमेरिकेच्या टाईमावर जन्मली? अठरा वर्स काऊन नाई सांगतलं बाई?"

"मी पत्रिका मानत नाई. मले वाटलं, दीड तासानं लेकराचं काय बिघडते. बिघडते हे मले मालूम नव्हतं." त्यांनी महाराजांकडे पाहिलं. "घडी नाई बिघडवत. तुमी बिघडवता."

महाराजांनी डोळे वर केले, पण बोट आधीच पंचांगात गेलं होतं. काकांना विषय सोडवत नव्हता. थट्टेच्याच सुरात त्यांनी विचारलं, "अन मंग भाऊ? एवढा त्याचा टाईम पाहता, तं येते कवा?"

मी सिस्टरकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना आयुष्यात हजारदा विचारला गेला होता आणि दर वेळी त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "येनार हे, यंदा सुट्टी नाई भेटली."

"नाई येत," सिस्टर म्हणाल्या. "गेल्यापासून आला नाई. येनार बी नाई."

आवाज तोच होता, बाळाचं वजन सांगायचा. आत रोशनी तोंडाला पदर लावून रडू लागली, कशासाठी ते मला सांगता येणार नाही. पाटील उठले, सिस्टरसमोर आले, काही म्हणतील असं वाटलं. पण नुसतेच "चाय थंडा झाला, दुसरा आना वो" म्हणाले.

साडेचारची नवी पत्रिका झाली, मंगळ गेला, लग्न ठरलं. म्हणजे कागदच जिंकला, हे मला कळत होतं आणि अजून सलतं. मी ते पत्रक छापलं नाही. सिस्टर नाही म्हणाल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, "पोरीले पयले एक लेकरू होऊ दे, मंग छापजो. तवरी तिच्या सासरचे थंडे होतीन." रोशनीला आता मुलगा आहे. मी नावं बदलून हे लिहिते आहे.

लग्नाला आम्ही गेलो. मुहूर्ताच्या वेळी गडबड झाली, मंडपात शंभर मोबाइल होते आणि प्रत्येकाची वेळ एखाद्या मिनिटाने वेगळी. पाटील ओरडले, "सिस्टरले विचारा." मला वाटलं ही थट्टा आहे. पण त्यांचा चेहरा गंभीर होता. सिस्टरनी मनगट उचललं, पाहिलं आणि लगेच वेळ सांगितली. बटण दाबलं नाही, एकदाही नाही. 'आपल्या इथले'ही म्हणाल्या नाहीत.

जेवणं झाली. त्यांना ऑटोने गावाकडे जायचं होतं, मला गोंदियाकडे. फाट्यावर उभ्या असताना काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तिथं आता किती वाजले असतील?"

"पाहा लागन दाबून," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी दाबलं नाही. दिवाळी होऊन गेली होती आणि तास मागे घेतला की नाही, तेही मी विचारलं नाही. ऑटो आली. आत चार बायका होत्या, त्यांनी सरकून जागा केली. त्या मला शेवटच्या दिसल्या त्या तशाच: कडेला बसलेल्या, मांडीवर लग्नातली लाडूची पुडी, आणि उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर, घड्याळाच्या खाली, नाडी धरतात तशी.